उजवी सीट रिकामी होते तेव्हा

टॅक्सीवेवर विमान थांबतं. इंजिन चालूच. उजवीकडे बसलेले प्रशिक्षक हेडफोन काढतात, दार उघडून खाली उतरतात आणि दार लावण्याआधी एक काम आठवणीने करतात. आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा ते घट्ट बांधून ठेवतात. त्या सीटसमोरही विमान चालवायचा दुसरा दांडा असतो. सैल पट्टा त्यात गुंतला, तर सोडवायला आता शेजारी कोणी नसणार. मग फिरत्या पंख्यापासून लांब, मागच्या बाजूने ते चालत निघून जातात.

पहिल्या सोलोची, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाची, आठवण सांगताना वैमानिक बहुधा छातीतल्या धडधडीविषयी बोलतात. ती असतेच. आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी मिळू शकतो, म्हणजे गिअरची मोटारसायकल चालवायची परवानगी मिळण्याआधी दोन वर्षं, तेव्हा धडधड व्हायलाच हवी. मला मात्र यातली दुसरी एक गोष्ट जास्त गमतीची वाटते. ज्या विमानावर हा विद्यार्थी इतके दिवस शिकला, ते विमान आता त्याच्या हातात नाही. रंग तोच, नंबर तोच, पण वागणं वेगळं.

डबलसीट बसलेला माणूस उतरला की स्कूटर कशी चटकन पुढे सुटते, ते आठवा. विमानाचं तसंच होतं, फक्त इथे हिशेब जरा जास्त ठिकाणी बदलतो.

सेसना १५२ हे दोन सीटचं शिकाऊ विमान घेऊ. रिकामं असताना त्याचं वजन साधारण ४९० किलो. त्यात ७५ किलोंची दोन माणसं आणि ६० किलो पेट्रोल धरलं, तर झाले ७०० किलो. प्रशिक्षक उतरले की उरतात ६२५. म्हणजे जवळपास ११ टक्के वजन एका झटक्यात कमी. एसटीतून एक प्रवासी उतरला तर ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. इथे मात्र एक माणूस म्हणजे विमानाचा नववा हिस्सा!

पहिला फरक धावपट्टीवरच कळतो. हलकं विमान लवकर वेग घेतं आणि त्याला उचलायला वेगही कमी लागतो. दोन्ही परिणाम एकत्र आल्यामुळे उड्डाणाआधीची धाव ढोबळमानाने वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. समुद्रसपाटीला आणि बेताच्या हवेत ७०० किलोंच्या विमानाला १९० मीटरच्या आसपास धाव लागत असेल, तर आता १५० मीटर पुरतात. विद्यार्थी मनातल्या मनात ‘अजून थोडं’ म्हणत असतो आणि चाकं सुटलेली असतात.

वर चढतानाही तेच. सरळ उडत राहायला लागते त्याहून जास्तीची जी ताकद इंजिनाकडे उरते, तीच विमानाला वर नेते. ही शिल्लक आता कमी वजनावर खर्च होते. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा आयताकृती फेरा, साधारण जमिनीपासून १,००० फुटांवर घेतात. ती उंची आठ-दहा सेकंद आधीच येते. तेवढ्या वेळात विमान पाव किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. म्हणजे रोज ज्या तळ्यावर किंवा साखर कारखान्याच्या धुराड्यावर उंची गाठायची सवय होती, ते ठिकाण यायच्या आतच नाक खाली करायची वेळ येते.

शिवाय आता सगळा माणसांचा भार डावीकडे आहे, त्यामुळे डावा पंख किंचित खाली झुकू पाहतो. हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे होतं आणि वैमानिक डावीकडे पालथा झोपायचा. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून त्यांनी उजवा पंख चार इंचांनी लांब ठेवला होता. सेसनात सीट मध्यरेषेला इतक्या चिकटून आहेत की दांड्यावर बोटाचा हलका दाब पुरतो.

पुढे-मागे तोल जाणं त्याहून गंभीर. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. विमानाचा गुरुत्वमध्यही ठरलेल्या पट्ट्यातच राहावा लागतो. जुन्या काळच्या फ्लाइंग क्लबांतल्या मॉथ विमानांत दोन सीट एकामागे एक असत. प्रशिक्षक पुढे, शिकणारा मागे. नवख्या माणसाला मागे बसवणं उलटं वाटतं, पण पुढची सीट गुरुत्वमध्याच्या जवळ होती. ती रिकामी झाली तरी तोल फारसा ढळत नसे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना ज्यांना मिळाला, ते जे. आर. डी. टाटा मुंबईच्या जुहूला शिकले, ते याच मॉथच्या जमान्यात.

आता खरी कसोटी, उतरणं.

पंखांना वर उचलणारं बल वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वेग फारच कमी झाला की पंखांवरून हवा सुरळीत वाहेनाशी होते आणि ते बल कोसळतं. याला स्टॉल म्हणतात. (नाव ऐकून इंजिन बंद पडलं असं वाटतं, पण इंजिनाचा इथे काही संबंध नाही.) वजन ११ टक्के घटलं तर स्टॉलचा वेग त्याच्या निम्म्याने, पाच-साडेपाच टक्क्यांनी घटतो. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा, पूर्ण खाली असताना सेसना १५२ साठी हे सुमारे दोन नॉट, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर. ऐकायला किरकोळ. पण विद्यार्थ्याने घोकलेला उतरायचा वेग तोच आहे, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटलही सवयीने तिथेच ठेवला आहे. त्यामुळे विमान रोजच्यापेक्षा थोडं उंचावरून येतं आणि धावपट्टीवर पोचल्यावर टेकायलाच तयार होत नाही.

त्यात भर म्हणून, जमिनीपासून पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर आलं की पंखांच्या टोकांशी निर्माण होणारे हवेचे भोवरे दबतात आणि विमानाला होणारा अडथळा घटतो. विमान तरंगत राहतं. अधीर होऊन विद्यार्थी दांडा रोजच्याइतकाच मागे ओढतो, पण तेवढ्याच बलाने हलकं विमान जास्त उसळतं आणि पुन्हा वर जातं. अशा वेळी दोनच शहाणपणाचे मार्ग. थांबायचं, किंवा पूर्ण ताकद देऊन गो-अराउंड करायचं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाऊन नवी फेरी घ्यायची. माझ्या मते, सोलोला सोडण्याआधी प्रशिक्षकाने दहा सुंदर लँडिंगपेक्षा न सांगता घेतलेला एक गो-अराउंड पाहावा.

हलक्या विमानाला वाऱ्याचे धक्केही जास्त बसतात, म्हणून पहिल्या सोलोला सकाळची शांत वेळ उत्तम. विदर्भात तर त्याला आणखी एक कारण आहे. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१५ मीटरवर. पण मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते सुमारे ४,५०० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर, उभं असतं. उकाडा नागपूरचा, हवा महाबळेश्वरची! पंख, पंखा आणि इंजिन, तिघांनाही ती अपुरी पडते. प्रशिक्षक उतरून जे कमावलं, त्यातलं बरंचसं दुपारचं ऊन खाऊन टाकतं.

आणि विद्यार्थ्याचं डोकं? एकाच वेळी आपण लक्षात धरू शकतो अशा गोष्टी मोजक्याच. वेग, उंची, रेडिओवरचा आवाज, दुसरी विमानं, फ्लॅप. शिकताना यातलं निम्मं ओझं नकळत शेजारचा माणूस वाहत असतो, गप्प बसला तरी. म्हणून चांगले प्रशिक्षक आधीच्या काही फेऱ्यांत हळूहळू बोलणंच बंद करतात. हातांना गोष्टी पाठ झाल्या असतील, तर रिकाम्या सीटमुळे बदललेल्या गोष्टींसाठी डोक्यात जागा उरते. बरेच विद्यार्थी या फेरीत एकटेच मोठ्याने बोलत असतात: ‘मिश्रण (इंजिनातलं पेट्रोल-हवेचं प्रमाण), फ्लॅप, वेग साठ.’

सहा-सात मिनिटांत फेरी संपते. खाली त्याला भिजवायला पाण्याच्या बादल्या घेऊन मित्र उभे असतात आणि लॉगबुकात ‘पायलट इन कमांड’च्या रकान्यात पहिला आकडा पडतो.

पुढच्या धड्याला प्रशिक्षक पुन्हा उजवीकडे येऊन बसतात. ओळखीचा साखर कारखाना मागे पडतो आणि उंचीचा काटा हजारच्या आतच रेंगाळत असतो.