अमेरिकेतील यादवी युद्ध : कारणे आणि वाटचाल

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात झालेल्या यादवी युद्धाविषयी एक समजूत दीर्घकाळ टिकून आहे. दक्षिणेकडील राज्ये आपल्या स्वायत्ततेसाठी लढली आणि गुलामगिरीचा प्रश्न त्या भांडणात ओघाने आला, असे ती सांगते. ही समजूत मुख्यतः युद्धानंतर रुजवली गेली. फुटून निघताना त्या राज्यांनी स्वतः जे लिहून ठेवले, त्याच्याशी ती जुळत नाही. साउथ कॅरोलायनाने डिसेंबर 1860 मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यातील मुख्य तक्रार अशी होती की, पळून आलेले गुलाम मालकांना परत करण्याचे बंधन उत्तरेतील राज्ये पाळत नाहीत, उलट त्यात अडथळा आणणारे स्वतःचे कायदे करतात. म्हणजे उत्तरेतील राज्यांनी आपले हक्क वापरले, हाच येथे त्यांचा अपराध ठरला होता. मिसिसिपीने तर कोणताही आडपडदा न ठेवता, आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे आरंभीच नोंदवले. फुटून निघालेल्या राज्यांनी स्थापलेल्या दक्षिणी राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च 1861 मध्ये सव्हाना येथील भाषणात सांगितले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य आपल्या नव्या सरकारची कोनशिला आहे.

या भांडणाचे बीज देशाच्या राज्यघटनेतच होते. 1787 साली फिलाडेल्फियात घटना तयार झाली तेव्हा ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळण्यात आला, पण गुलामगिरीला संरक्षण देणाऱ्या तरतुदी मात्र घातल्या गेल्या. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरायचा, 1808 पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही आणि पळून गेलेल्यांना परत द्यायचे, अशी ती तडजोड होती. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, त्यांच्याच संख्येच्या बळावर त्यांच्या मालकांना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, अधिक जागा मिळाल्या.

ही व्यवस्था आपोआप क्षीण होईल अशी आशा त्या पिढीतील अनेकांना होती, ती कापसाने खोटी ठरवली. आखूड धाग्याच्या कापसातून सरकी वेगळी करण्याचे एली व्हिटनी यांचे यंत्र 1793 मध्ये आले, इंग्लंडमधील गिरण्यांची मागणी वाढत गेली आणि जॉर्जियापासून मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत कापसाचे मळे पसरले. 1790 च्या जनगणनेत सुमारे 7 लाख असलेली गुलामांची संख्या 1860 मध्ये 39 लाखांच्या पुढे गेली. बाहेरून होणारी आयात 1808 मध्ये कायद्याने बंद झाली होती. त्यामुळे व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून लाखो माणसे विकून दक्षिणेकडे हाकली गेली, आणि त्यात कुटुंबेच्या कुटुंबे कायमची तुटली. मालकांच्या दृष्टीने ही मालमत्ता होती, आणि तिचे मूल्य देशातील रेल्वे व कारखान्यांत गुंतलेल्या एकूण भांडवलाहून अधिक होते, असा अर्थशास्त्रीय इतिहासकारांचा अंदाज आहे. एवढी मोठी मिळकत कोणताही वर्ग वादविवादात हरून सोडून देत नाही.

भांडण पेटत राहिले ते पश्चिमेकडील नव्या प्रदेशांवरून. 1820 च्या मिसुरी तडजोडीने 36 अंश 30 मिनिटे अक्षांशाची रेषा आखली आणि लुइझियाना खरेदीच्या, म्हणजे 1803 मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या भूभागाच्या, उर्वरित प्रदेशात तिच्या उत्तरेला गुलामगिरीस मनाई केली. मेक्सिकोशी झालेल्या युद्धातून 1848 मध्ये प्रचंड भूभाग हाती आला आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1850 च्या तडजोडीत कॅलिफोर्नियाला मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेले, राज्य म्हणून प्रवेश मिळाला, मात्र त्या बदल्यात पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा इतका कडक झाला की पकडलेल्या माणसाला ज्यूरीसमोर आपली बाजू मांडण्याचीही सोय उरली नाही. तोवर गुलामगिरीकडे दुरूनच पाहणाऱ्या उत्तरेतील नागरिकांना आता आपल्याच गल्लीत माणसे पकडून नेली जाताना दिसू लागली. 1854 मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरीची रेषा पुसून टाकली आणि गुलामगिरीचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवला. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक शस्त्रे घेऊन उतरले, आणि उत्तरेत गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. ड्रेड स्कॉट या गुलामाने आपल्या मुक्ततेसाठी लढवलेल्या खटल्यात 1857 मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी काळे लोक अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असा निर्णय दिला. वाद मिटवण्यासाठी दिलेल्या या निकालाने तडजोडीची वाटच बंद केली. ऑक्टोबर 1859 मध्ये गुलामगिरीचे कट्टर विरोधक जॉन ब्राउन यांनी गुलामांचा उठाव घडवण्यासाठी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला. त्यांना फाशी झाली, पण गुलामांच्या उठावाची धास्ती दक्षिणेच्या मनातून गेली नाही.

नोव्हेंबर 1860 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन सुमारे 40 टक्के मतांवर विजयी झाले. दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांच्या नावे एकही मत नोंदले गेले नव्हते. जेथे गुलामगिरी आहे तेथे आपण हात घालणार नाही, फक्त तिचा विस्तार रोखू, अशी त्यांची भूमिका होती. दक्षिणेला फुटून निघण्यास एवढेही कारण पुरेसे वाटले. 20 डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडले, फेब्रुवारी 1861 मध्ये माँटगोमेरी येथे जेफरसन डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली दक्षिणी राज्यसंघ स्थापन झाला आणि 12 एप्रिलला चार्ल्सटनच्या बंदरातील फोर्ट समटर या संघराज्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. लिंकन यांनी 75,000 सैनिकांची मागणी करताच व्हर्जिनियासह आणखी चार राज्ये फुटली आणि संख्या अकरा झाली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्ये गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिली. ती गमावण्याची भीती लिंकन यांच्या पहिल्या दीड वर्षातील प्रत्येक निर्णयामागे दिसते.

उत्तरेची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 20 लाख होती, दक्षिणेची 90 लाख, आणि त्यातही 35 लाख गुलाम होते. कारखाने, रेल्वे आणि नौदल यांतही उत्तर फार पुढे होती. दक्षिणेची भिस्त होती ती चांगल्या सेनानींवर आणि कापसावर. कापूस अडला की ब्रिटन नाइलाजाने आपल्याला मान्यता देईल, हा हिशेब मात्र चुकला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडमधील लँकशायरच्या गिरण्या ओस पडल्या, तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी इजिप्त आणि हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडातील कापसाला न भूतो असा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर सट्टा चालला. 1865 मध्ये युद्ध संपल्याच्या बातमीबरोबर भाव कोसळले, आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारीही त्यात बुडाले.

रणभूमीवर पहिली दोन वर्षे पूर्वेकडील आघाडी उत्तरेला फारशी लाभली नाही. जुलै 1861 मध्ये बुल रन येथे तिचा पराभव झाला, आणि पुढच्या वर्षी दक्षिणेचे सेनानी रॉबर्ट ली यांनी दक्षिणेची राजधानी रिचमंडवरील चाल परतवून लावली. पश्चिमेकडे मात्र उत्तरेचे सेनानी युलिसिस ग्रँट नद्यांच्या आधाराने दक्षिणेत खोल शिरत होते आणि एप्रिल 1862 मध्ये न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या हाती आले होते. 17 सप्टेंबर 1862 रोजी अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23,000 सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. ली यांना माघार घ्यावी लागली, आणि गुलाममुक्तीची घोषणा करण्यासाठी लिंकन ज्या संधीची वाट पाहत होते ती मिळाली.

संघराज्य टिकवण्यासाठी सुरू झालेले युद्ध मुक्तीचे युद्ध कसे बनले, याचे श्रेय बहुधा एकट्या लिंकन यांना दिले जाते. वस्तुस्थिती अशी की सुरुवात गुलामांनीच केली होती. मे 1861 मध्ये दक्षिणेच्या तोफखान्यासाठी राबवले जाणारे तीन गुलाम व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे उत्तरेच्या छावणीत आले. मालकाच्या वतीने मागणी आली, तेव्हा जनरल बेंजामिन बटलर यांनी त्यांना शत्रूची युद्धसामग्री ठरवून परत देण्यास नकार दिला. मग शेकडो, पुढे हजारो लोक छावण्यांकडे येऊ लागले, आणि सरकारला धोरण ठरवणे भाग पडले. 1 जानेवारी 1863 च्या घोषणेने बंडखोर प्रदेशांतील गुलाम मुक्त जाहीर झाले. निष्ठावान चार राज्यांतील गुलाम तिच्या कक्षेत नव्हते, हा तिच्यावरील आक्षेप खराच आहे. पण तिने काळ्या पुरुषांना सैन्याची दारे खुली केली. सुमारे 1,80,000 जण भरती झाले, बरेच दिवस गोऱ्या सैनिकांपेक्षा कमी पगारावर लढले, आणि पकडले गेल्यास त्यांच्या नशिबी बहुधा गुलामगिरी किंवा मृत्यू होता.

1863 चा जुलै निर्णायक ठरला. 1 ते 3 जुलैला गेटिसबर्ग येथे ली यांची उत्तरेवरील स्वारी मोडली आणि 4 जुलैला व्हिक्सबर्ग पडून मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात आली. पुढचे वर्ष तरीही विलक्षण रक्तपाताचे गेले. ग्रँट यांनी ली यांना पीटर्सबर्गच्या खंदकांत अडकवून ठेवले, तर उत्तरेचेच सेनानी विल्यम शर्मन यांनी सप्टेंबर 1864 मध्ये अटलांटा घेतले. त्या विजयामुळे लिंकन पुन्हा निवडून आले. अन्यथा गुलामगिरी कायम ठेवून तह होण्याची शक्यता नाकारता येत नाही. शर्मन मग जॉर्जियातून मार्गातील पिके आणि रेल्वेमार्ग उद्ध्वस्त करत समुद्रापर्यंत गेले. 9 एप्रिल 1865 रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे ली शरण आले; 14 एप्रिलला लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या सकाळी त्यांचे निधन झाले. मृत सैनिकांचा प्रचलित आकडा सुमारे 6 लाख 20 हजार आहे, अलीकडील अंदाज त्याहून अधिक आहेत. निम्म्याहून अधिक मृत्यू रोगराईने झाले.

डिसेंबर 1865 मधील तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपली, 1868 मध्ये काळ्या लोकांचे नागरिकत्व आणि 1870 मध्ये वर्णनिरपेक्ष मताधिकार घटनेत आला. या घटनांची दखल पुण्यातही घेतली गेली: जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने काळ्या नागरिकांची कत्तल केली होती. 1877 मध्ये राजकीय तडजोडीचा भाग म्हणून दक्षिणेतील राज्यकारभारामागचे संघराज्याच्या सैन्याचे पाठबळ काढून घेतले गेले, आणि पुढील काही दशकांत बहुतेक काळ्या नागरिकांचा मताधिकार कर, परीक्षा आणि दहशत यांच्या जोरावर हिरावला गेला. तो प्रभावीपणे परत मिळण्यास 1965 चा मताधिकार कायदा यावा लागला.