कानामागचं हाड कोरायचं, पण कुठपर्यंत?

कानाच्या मागे बोट फिरवून बघा, एक टणक उंचवटा लागेल. हे मास्टॉइड. बाहेरून दगडासारखं लागतं पण आतून पावासारखं जाळीदार, बारीक बारीक हवेचे कप्पे, आणि ते सगळे शेवटी पडद्यामागच्या पोकळीलाच जोडलेले. त्यामुळे कान वर्षानुवर्षं वाहत असेल तर घाण ह्या जाळीतही जाऊन बसते, मग ड्रॉप्स घाला नाहीतर गोळ्या खा, तात्पुरतं बरं वाटतं आणि सर्दी झाली की परत सुरू.

माझ्या मावशीचं हेच झालं होतं. कानाला घाण वास, ऐकू कमी, आणि डॉक्टर म्हणाले हाड किडलंय. तिला वाटलं खरंच आत कीड आहे, शेजारणीने कोमट तेल घालायला पण सांगितलं (वाहत्या कानात तेल अजिबात घालू नका). प्रकार असा असतो की पडद्याचा एक भाग आत ओढला जाऊन खिसा तयार होतो, त्यात कातडीचे मेलेले पापुद्रे कांद्यासारखे थरावर थर साठतात आणि पांढरा मोत्यासारखा गोळा होतो. नाव कोलेस्टिॲटोमा, पण कोलेस्टेरॉलशी संबंध नाही आणि हा कॅन्सरही नाही. फक्त तो वाढताना शेजारचं हाड खात जातो, बहुतेक वेळा आधी ऐरण नावाचं चिमुकलं हाड, म्हणून ऐकू येणं कमी होतं.

ह्यावर उपाय म्हणजे मास्टॉइड कोरून तो गोळा काढायचा. मास्टॉइड उघडण्याचं हे ऑपरेशन जुनं आहे. १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजाचे डॉक्टर बर्गर ह्यांनी कमी ऐकू येतं म्हणून स्वतःचं मास्टॉइड उघडून घेतलं आणि त्यातच ते गेले, त्यानंतर कित्येक वर्षं कोणी ह्या हाडाला हात लावायला धजेना. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाले गावच्या श्वार्ट्झे ह्यांनी छिन्नी-हातोडीने ते पद्धतशीर कसं उघडायचं, मुख्य म्हणजे कोणत्या पेशंटचं उघडायचं, हे मांडलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता छिन्नीच्या जागी ड्रिल आणि वर मायक्रोस्कोप. पूर्ण भूल देतात, कानामागे चीर देऊन कान पुढे दुमडतात आणि कोरायला सुरुवात. सतत पाणी सोडत राहायचं, नाहीतर ड्रिलच्या उष्णतेने नस भाजते. कोरणं त्यामानाने सोपं, थांबणं अवघड. कारण वर पातळ छतापलीकडे मेंदू, मागे मेंदूतून रक्त आणणारी जाड शीर, आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या, आणि मधून जाते चेहरा हलवणारी नस, शेवईएवढी. म्हणून सर्जन हाड पूर्ण काढत नाहीत, अंड्याच्या टरफलाएवढा पापुद्रा ठेवतात. तो पातळ झाला की आतून शीर निळसर दिसायला लागते, मेंदूचं आवरण गुलाबी, आणि ड्रिलचा आवाजही बदलतो. शिकणारे डॉक्टर खऱ्या अंड्यावर सराव करतात, टरफल कोरायचं पण आतला पापुद्रा फाटता कामा नये. घरी अंडं सोलून बघा म्हणजे अंदाज येईल! पेशंट शुद्धीवर आला की लगेच दात दाखवायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगतात, ते ह्या शेवईसाठीच.

मग प्रश्न भिंतीचा. कानाची नळी आणि मास्टॉइड ह्यांच्यामधली हाडाची भिंत ठेवली तर कान नेहमीसारखा राहतो, पण मागे रोगाचा कण दडून राहू शकतो, म्हणून साधारण वर्षभराने पुन्हा उघडून बघतात किंवा खास एमआरआय करतात. भिंत पाडली तर सगळं एका नजरेत दिसतं, पण कानात कायमची मोठी पोकळी राहते. माझ्या मते पुन्हा पुन्हा हॉस्पिटलला येणं जमणार नसेल तर हा निर्णय डॉक्टरशी नीट बोलूनच घ्यावा, नुसतं "बघा तुम्हीच" म्हणून सही करू नये. आणि ऐकू येणं सुधारेलच असंही नाही, आधी कान कोरडा आणि सुरक्षित करायचा असतो, ऐकण्याचं नंतर.

मावशीची भिंत पाडली. वास गेला, ऐकू अजून कमीच येतं. दर सहा महिन्यांनी पोकळी साफ करायला जाते आणि अंघोळीला कानात व्हॅसलीनचा कापूस घालते, कारण तोल सांभाळणारी नळी आता अगदी जवळ उघडी पडलीय, गार पाणी आत गेलं की तिला बाथरूममध्येच गरगरतं.