रिंग फाईलच्या क्लिपवरून झालेली भांडणं

रिंग फाईल उघडून बघा, बाहेर पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि मधे ती स्टीलची पट्टी, टक्कन उघडणारी, तीच क्लिप. व्यापारातली मोठी भांडणं त्या पट्टीवरून झालीत, पुठ्ठ्याला त्यात फारसं कोणी विचारलं नाही. कारण सोपं आहे, तयार रिकामी फाईल जहाजाने पाठवायची म्हणजे कंटेनरभर हवाच पाठवायची, त्यामुळे बरेच जण पुठ्ठा मार्केटजवळच कापतात आणि क्लिप तेवढी बाहेरून मागवतात.

सुरुवात जर्मनीतली. 1886 मध्ये बॉनच्या फ्रिडरिश झोनेकेनने कागदाला भोकं पाडायच्या पंचिंग मशीनचं पेटंट घेतलं, आणि पुढे स्टुटगार्टच्या लुई लाइट्झने 1896 च्या सुमारास ती लिव्हरवाली क्लिप आणली, आज आपण बॉक्स फाईल म्हणतो ना, तिच्यात असते ती. गंमत म्हणजे मशीनपेक्षा भोकांमधलं अंतर जास्त टिकलं. दोन भोकं, मधे 80 मिलिमीटर, तेच पुढे आयएसओ 838 हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं. कागदाचं मापही तिथलंच, 1922 च्या जर्मन स्टँडर्डमधून आलेलं ए4.

पण सगळ्यांनी थोडीच ऐकलं! स्वीडनमध्ये 1889 पासूनची चार भोकांची वेगळीच पद्धत आहे, अमेरिकेत तीन भोकं, प्रत्येकात सव्वाचार इंच अंतर, आणि कागद लेटर साईझचा, म्हणजे ए4 पेक्षा थोडा रुंद आणि आखूड. म्हणजे युरोपसाठी बनवलेली क्लिप अमेरिकेत कामाची नाही आणि उलटंही तेच, एक्स्पोर्ट करणाऱ्याला दोन्हीकडे विकायचं तर माल वेगवेगळा काढावा लागतो. मला तर वाटतं या धंद्यात टॅक्सच्या आधीची पहिली भिंत ही भोकांचीच.

टॅक्सची भिंत आली 1997 ला. चीनहून येणाऱ्या स्वस्त क्लिपांपुढे युरोपातले कारखाने टिकेनात, मग युरोपियन युनियनने चीन आणि मलेशियाच्या मालावर अँटी-डंपिंग ड्युटी लावली, म्हणजे फारच स्वस्तात ओतलेल्या परदेशी मालावरचा जादा कर, चीनसाठी जास्तीत जास्त 39.4 टक्के. तरी युरोपातला विक्रीचा भाव हवा तसा वर जाईना, म्हणजे ड्युटी एक्स्पोर्टरच स्वतःच्या खिशातून सोसतायत असं ठरलं आणि 2000 मध्ये तोच दर 78.8 टक्क्यांवर नेला, सरळ डबल. यापुढचं तर अगदी पकडापकडीच्या खेळासारखं आहे, 2002 मध्ये इंडोनेशियावर ड्युटी, 2004 मध्ये चीनवाली ड्युटी व्हिएतनामवरून येणाऱ्या मालाला लागू, आणि 2006 मध्ये लाओसवरून येणाऱ्यालाही, कारण माल रस्ता बदलून येतोय असं तपासात निघालं. लाओसला समुद्र नाही बरं का, तिथून क्लिपा युरोपात! आणि 2006 मध्येच चीनच्या लिव्हरवाल्या क्लिपवरही वेगळी ड्युटी लागली, कारण आधीची फक्त रिंगवाल्यांसाठी होती.

अमेरिकेनेही स्टेशनरीत हेच केलंय. 1994 मध्ये चीनच्या पेपर क्लिप आणि पेन्सिलींवर ड्युटी, 2006 मध्ये रेघी कागदाच्या वह्यांवर, त्यात चीनबरोबर भारत आणि इंडोनेशियाही सापडले. कागदाची फाईल आणि वही बनवायला मोठी मशिनरी लागत नाही, त्यामुळे एका देशावर ड्युटी लागली की दुसरीकडे ऑर्डर हलायला वेळ लागत नाही, क्लिपच्या बाबतीत मात्र डाय आणि प्रेस लागतात म्हणून कारखाने मोजकेच.

या सगळ्यात जुन्या ब्रँडांची मालकीही फिरली. लाइट्झ 1998 ला स्वीडनच्या एसेल्टेकडे गेली, आणि 2017 मध्ये एसेल्टेच अमेरिकेच्या अॅको ब्रँड्सने घेतली, जी 1903 मध्ये अमेरिकन क्लिप कंपनी नावाने निघाली होती. कागदाचा खप कमी होतोय म्हणतात, पण अमेरिकेने 2023 मध्ये चीन, भारत आणि व्हिएतनामच्या कागदी फाईल फोल्डरवर नव्याने ड्युटी लावलीच, आणि पुढच्याच वर्षी कंबोडिया आणि श्रीलंकेच्या मालावरही ड्युटी लावा असा अर्ज पडला.