क्लिअरन्स आणि क्रिपेज : उच्च व्होल्टेजच्या पीसीबीवरील सुरक्षित अंतर

पीसीबी म्हणजे तांब्याच्या ट्रॅकांनी परिपथ छापलेला बोर्ड; त्यावरच्या दोन वाहकांमध्ये व्होल्टेजचा मोठा फरक असेल, तर त्यांच्यात किमान किती अंतर हवे हे दोन वेगळ्या हिशेबांनी ठरते. हवेतून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे क्लिअरन्स. बोर्डाच्या पृष्ठभागाला धरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे क्रिपेज. सपाट बोर्डावरील शेजारच्या दोन ट्रॅकसाठी ही दोन्ही अंतरे सारखीच भरतात, म्हणून एकाचाच हिशेब करून काम भागवले जाते. पण हवा आणि पृष्ठभाग एका कारणाने निकामी होत नाहीत. हवेतून ठिणगी क्षणात पडते आणि ती विझली की हवा पुन्हा पूर्ववत होते. पृष्ठभाग मात्र वर्षानुवर्षे थोडाथोडा जळत जातो, आणि जळलेला पृष्ठभाग भरून येत नाही.

हवेच्या बाबतीत रोजच्या व्होल्टेजपेक्षा क्षणिक उसळी महत्त्वाची. घरगुती २३० व्होल्ट पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. पण जवळपास वीज पडली की त्याच तारांवर काही मायक्रोसेकंदांपुरते हजारो व्होल्ट येतात. आयईसी ६०६६४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाने उपकरणांचे त्यासाठी चार गट केले आहेत. ३०० व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यावर त्यांनी अनुक्रमे १५००, २५००, ४००० आणि ६००० व्होल्टची उसळी सोसली पाहिजे. प्लगला लावायची उपकरणे दुसऱ्या गटात येतात; वीज इमारतीत शिरते तिथली उपकरणे चौथ्या. २५०० व्होल्टसाठी १.५ मिमी, ४००० साठी ३ मिमी आणि ६००० साठी ५.५ मिमी क्लिअरन्स लागतो.

हे आकडे समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीपर्यंतचे आहेत. हवेची ठिणगी रोखण्याची क्षमता तिच्या दाबावर आणि अंतरावर अवलंबून असते, हा फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेला नियम. हवा विरळ झाली की तेवढ्याच अंतरातून कमी व्होल्टेजला ठिणगी पडते. म्हणून ३००० मीटरला क्लिअरन्स १.१४ पट, ४००० मीटरला १.२९ पट धरतात. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, कळसूबाईचे शिखरही १६४६ मीटरच आहे. पण इथे तयार झालेला इन्व्हर्टर लेहला जाणार असेल तर तो गुणक सुरुवातीपासूनच धरावा लागतो. क्रिपेजला हा गुणक लागत नाही, मात्र क्रिपेज क्लिअरन्सपेक्षा कमी असून चालत नाही.

पृष्ठभागाचे दुखणे मंद असते. बोर्डावर धूळ, क्षार, सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (सांधा नीट बसावा म्हणून लावलेला पदार्थ) साचतो. त्यावर दमट हवेतला ओलावा बसला की किंचित वीजवाहक असा थर तयार होतो आणि त्यातून बारीक प्रवाह झिरपू लागतो. त्या प्रवाहाच्या उष्णतेने थर एखाद्या ठिकाणी सुकतो, सगळे व्होल्टेज त्या अरुंद कोरड्या पट्टीवर एकवटते आणि तिथे सूक्ष्म ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी खालच्या रेझिनचा कण जाळून कार्बन मागे ठेवते. कार्बन वाहक असल्याने उरलेले अंतर आणखी घटते. याला ट्रॅकिंग म्हणतात, आणि त्याचा शेवट अनेकदा आगीत होतो. यात क्षणिक उसळीला महत्त्व नसते. सतत राहणारे आरएमएस (म्हणजे शिखराचे नव्हे, २३० सारखे परिणामी) व्होल्टेज, पदार्थ आणि परिसर या तीन गोष्टी क्रिपेज ठरवतात.

पदार्थाची प्रत सीटीआय या निर्देशांकाने सांगतात. चाचणीत ४ मिमी अंतरावरच्या प्लॅटिनम इलेक्ट्रोडांमध्ये अमोनियम क्लोराइडच्या ०.१ टक्का द्रावणाचे थेंब दर ३० सेकंदांनी पाडतात. ५० थेंबांनंतरही ट्रॅकिंग होत नाही असे सर्वाधिक व्होल्टेज म्हणजे सीटीआय. ६०० किंवा अधिक असेल तर पदार्थ पहिल्या गटात. सर्वत्र वापरला जाणारा काचतंतू-इपॉक्सीचा एफआर-४ बोर्ड बहुधा १७५ ते २४९ मध्ये, म्हणजे तिसऱ्या गटात बसतो. परिसराच्या प्रदूषणाचे चार स्तर आहेत: घरातली किंवा कार्यालयातली कोरडी धूळ दुसऱ्या स्तरात, आणि जिथे ओलावा धरणे नेहमीचेच आहे ती जागा तिसऱ्यात.

एफआर-४ वर २५० व्होल्टसाठी दुसऱ्या स्तरात २.५ मिमी आणि तिसऱ्यात ४ मिमी क्रिपेज लागते. मोबाइल चार्जरमध्ये पुरवठ्याची बाजू आणि हाताला लागणारी बाजू यांच्यात दुहेरी सुरक्षेचे, म्हणजे दुप्पट अंतर हवे: ५ मिमी. क्लिअरन्स मात्र उसळीच्या यादीत एक पायरी वर, २५०० वरून ४००० व्होल्टवर जाऊन ३ मिमीच होतो. कोकणात शेतपंपाजवळच्या उघड्या पेटीत बसणाऱ्या बोर्डावर तेच क्रिपेज ८ मिमी धरणे भाग आहे. कारखान्यातली हायपॉट चाचणी इथे फसवा दिलासा देते. स्वच्छ, कोरड्या बोर्डाला काही सेकंद हजारो व्होल्ट लावल्याने हवा आणि घन निरोधक यांची परीक्षा होते. चौथ्या पावसाळ्यानंतर पृष्ठभागाचे काय होईल, हे तिच्यातून कळत नाही.

जागा कमी पडते ती बहुधा ऑप्टोकप्लरखाली, म्हणजे दोन बाजूंमध्ये प्रकाशाने संकेत नेणाऱ्या भागाखाली. नेहमीच्या डीआयपी आकारात पायांच्या दोन रांगांमध्ये ७.६२ मिमी अंतर असते. पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या पॅडची रुंदी वजा केली की हाती सहाच्या आसपास मिमी उरतात. त्यावरचा उपाय म्हणजे बोर्डात आरपार खाच, स्लॉट, पाडणे. पृष्ठभागावरून जाणाऱ्या प्रवाहाला खाचेला वळसा घालावा लागतो आणि क्रिपेज वाढते. पण दुसऱ्या स्तरात खाच किमान १ मिमी आणि तिसऱ्यात १.५ मिमी रुंद हवी. त्याहून अरुंद खाच घाणीने भरणार असे मानून ती नसल्यासारखेच मोजतात. मधेच कुठेही न जोडलेला तांब्याचा तुकडा, स्क्रूचा वॉशर किंवा हीटसिंक असेल तर त्याची लांबी अंतरातून वजा होते. आराखड्यात हे सहज निसटते, कारण वॉशर ट्रॅकच्या चित्रात दिसतच नाही.

ट्रॅक झाकणाऱ्या हिरव्या सोल्डर मास्कला सुरक्षेच्या हिशेबात निरोधक मानत नाहीत. त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. चाचणीत उतरलेले कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डावर चढवलेला पातळ संरक्षक थर, मात्र आपल्याखालचा भाग पहिल्या, म्हणजे निर्मळ स्तरात आणते. पीसीबी आराखड्याच्या आयपीसी-२२२१ या मानकातील तक्ता अनेकजण याच कामासाठी उघडतात. ३०१ ते ५०० व्होल्टसाठी बाहेरच्या, कोटिंग नसलेल्या ट्रॅकमध्ये तो २.५ मिमी अंतर सांगतो. पण त्यात पदार्थाचा सीटीआय नाही, प्रदूषणाचा स्तरही नाही. परिपथ नीट चालावा एवढ्यासाठी तो उपयोगी आहे. माणसाचा हात आणि पुरवठ्याची तार यांच्यामधले अंतर त्यावरून ठरवू नये.