स्मृतिभ्रंश : सांभाळणाऱ्या घरच्यांना आधार (बेळगाव सीमाभाग)

स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा डिमेन्शिया, झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांना मिळणारी माहिती, सवड आणि पैशांची व कायद्याची मदत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांत या आजाराचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांत आजाराचे नाव क्वचितच घेतले जाते. ‘म्हातारचळ लागलाय’ म्हटले की विषय संपतो. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’, कन्नडात ‘अरवत्तक्के अरळु मरळु’. एरवी सीमेवरून भांडणाऱ्या दोन्ही भाषांचे साठीच्या बाबतीत मात्र एकमत आहे. यामुळे दवाखाना उशिरा गाठला जातो. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य किंवा पडल्यानंतर मेंदूभोवती साकळलेले रक्त यांमुळे आलेला विसराळूपणा उपचाराने सुधारू शकतो, पण तोही वयाच्या खात्यावर जमा होतो. अल्झायमर हा या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो बरा करणारे औषध नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडतो. बाकी सगळा भार घरावर.

घर म्हणजे बहुतेक वेळा सून, बायको किंवा लेक. न्हाऊ-माखू घालणे, भिजलेले अंथरूण बदलणे, तोच प्रश्न वीसदा ऐकणे हे अंगमेहनतीचे झाले. त्याहून जिव्हारी लागतो तो आळ: ‘माझ्या पाटल्या सुनेनं चोरल्या.’ वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, म्हणून मेंदू चोर उभा करतो, आणि जी सगळ्यात जवळ असते तीच चोर ठरते. हे सुनेला आणि तिच्या नवऱ्यालाही कोणीतरी समजावून सांगणे, ही आधाराची पहिली पायरी. वाद घालू नये, ‘चला, आपण शोधू’ म्हणून सोबत शोधावे. तिन्हीसांजेला घालमेल वाढते. स्वतःच्याच सोप्यात बसून माणूस ‘मला घरी सोडा’ म्हणतो. तेव्हा ‘हेच घर आहे’ हे पटवण्यापेक्षा दिवे लवकर लावणे, चहा देणे, अंगणात एक फेरी मारणे उपयोगी पडते.

सीमाभागात भाषेचा प्रश्न या आजारातही आडवा येतो. हैदराबादेत ६४८ रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. मात्र आजार बळावला की बऱ्याच जणांची मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते. नोकरीभर कन्नडात कारभार केलेला माणूस आईच्या मराठीवर येतो आणि कन्नड माध्यमात शिकलेल्या नातवाला आजोबांचे शब्द कळेनासे होतात. स्मरणशक्तीची चाचणी कन्नडात किंवा इंग्रजीत झाली तर गुण उगाच कमी पडू शकतात. चाचणी मराठीत घ्या, हे नातेवाइकांनी न संकोचता सांगावे. हरवण्याच्या भीतीने खिशात चिठ्ठी ठेवायची तर तिच्यावर नाव, गाव आणि फोन दोन्ही लिपींत हवा, कारण ती वाचणार एसटीचा कंडक्टर किंवा पोलीस.

सांभाळणाऱ्याला नेमके काय दिले म्हणजे फरक पडतो, याचे उत्तर चोर्ला घाटापलीकडे सापडते. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावत, वागण्यातल्या अडचणींवर मार्ग सुचवत. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा त्रास कमी झाला. महागडे यंत्र नाही, मोठे इस्पितळ नाही. सीमाभागातल्या आशा कार्यकर्त्यांकडून असे काम करून घेता येण्यासारखे आहे.

सरकारी योजना दोन्हीकडच्या आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, त्यावरून वादही झाला. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचे कार्ड मिळते. पण या योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावरचा खर्च उचलतात, आणि हा आजार वर्षानुवर्षे घरातच राहतो. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, त्याने आईला सांभाळायच्या पाळीला येणाऱ्या लेकीची सोय झाली. कोल्हापूरला दिलेल्या लेकीला मात्र तिकीट काढावेच लागते. तज्ज्ञांसाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि सुमारे ८० किलोमीटरवरची धारवाडची डिमहान्स ही मनोविकार व मेंदूविकारांची सरकारी संस्था आहे. फोनवर सल्ल्यासाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

कागदपत्रांचे काम मात्र पहिल्याच वर्षी उरकावे. जाणतेपण शाबूत असताना केलेले मृत्युपत्र आणि जोडखाते पुढे उपयोगी पडते. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की त्याचा जोर संपतो; मग जमीन किंवा ठेवीच्या व्यवहारासाठी पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावे लागते, आणि ते खर्चिक व वेळखाऊ ठरते.