बोटाच्या एका पेराएवढं अंतर : वीरधवल खाडेच्या वेगामागची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई स्पर्धेतल्या ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २२.४३ सेकंदांची वेळ दिली आणि राष्ट्रीय विक्रम मोडला. तो विक्रमही त्याचाच होता, २००९ सालचा. अंतिम फेरीत त्याने भिंतीला हात लावला तेव्हा फलकावर २२.४७ उमटलं. शेजारी जपानच्या शुनिची नाकाओची वेळ होती २२.४६. कांस्यपदक नाकाओला, वीरधवल चौथा. प्राथमिक फेरीतली वेळ पुन्हा जमली असती तर पदक त्याच्या गळ्यात असतं.

या वेगाने पोहणारा माणूस एका सेकंदात साधारण सव्वादोन मीटर कापतो. म्हणजे एका शतांश सेकंदात सव्वादोन सेंटीमीटर. बोटाचं एक पेर. त्या रात्री सगळीकडे 'थोडक्यात हुकलं' एवढंच बोललं गेलं. पण ते पेर त्या तलावातच हुकलं असं मला वाटत नाही. ते आधीच्या दहा वर्षांत कुठेतरी हुकलं होतं, आणि ती दहा वर्षं नीट पाहिल्याशिवाय या मुलाच्या उदयाची गोष्ट पुरी होत नाही.

आपल्याकडे पोहणं म्हणजे काय, इथूनच सुरुवात करायला हवी. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत आजही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधायचा, काकाने किंवा मामाने काठावरून ढकलून द्यायचं, दोन-चार दिवस नाकातोंडात पाणी जायचं, आणि एक दिवस डबा सुटायचा. मग सूर मारणं आणि मुटका मारणं आलं, आणि पुरात पंचगंगेत उडी टाकणाऱ्यांच्या गोष्टी आल्या. या सगळ्यात कौतुक होतं ते धाडसाचं आणि दमाचं. किती वेळ पोहलास, कुठून कुठपर्यंत गेलास, हे विचारलं जातं. किती सेकंदांत, हे कोणी विचारत नाही.

देशपातळीवरही तेच. आपले पोहण्यातले पहिले मोठे नायक इंग्लिश खाडीतून आले. १९५८ साली मिहिर सेन यांनी खाडी पार केली, १९५९ साली आरती साहा यांनी. या आरती साहा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरल्या तेव्हा अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. सोळाव्या वर्षी ऑलिंपिकला गेलेल्या वीरधवलला 'ऑलिंपिकमधला सर्वांत लहान भारतीय जलतरणपटू' म्हणणाऱ्यांनी हे नाव आठवायला हवं. महाराष्ट्रातही धरमतर ते गेटवे, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची सागरी स्पर्धा, अशी परंपरा लांब पल्ल्याची आहे. मला ती मनापासून आवडते. पण वेगाचं पोहणं ही निराळी विद्या आहे, आणि तिला आपल्याकडे जुनी मुळं फार थोडी आहेत.

थोडी आहेत, पण आहेत. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत, दिल्लीत, सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. याच माणसाला १९४७ च्या दंगलीत कोलकात्यात पायाला गोळी लागली होती. दुसऱ्याच वर्षी ते लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले आणि त्यानंतर तीन वर्षांनी आशियाई सुवर्ण घेऊन आले. पायाला गोळी लागलेला माणूस वेगाची शर्यत जिंकतो, आणि त्याचं नाव शाळकरी मुलांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळवलं. त्यानंतर चोवीस वर्षं आशियाई तलावात भारताच्या हाती काहीच लागलं नाही.

या रिकाम्या काळातच वीरधवल वाढला. जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा, कोल्हापूरचा. तालमी, कुस्ती आणि फुटबॉल यांनी भरलेल्या शहरात एका मुलाने तलाव निवडला. जिल्ह्याच्या गावी वेगाने पोहणाऱ्या मुलापुढे काय अडचणी असतात, ते बाहेरून चटकन दिसत नाही. तलाव बहुतेक वेळा २५ मीटरचा. त्यात ५० मीटर पोहताना मध्ये एकदा भिंत मिळते, पायाने रेटा देता येतो आणि वेळ सुधारते. तोच मुलगा मोठ्या तलावात उतरला की पस्तीस मीटरनंतर हात जड होतात आणि भिंत काही येत नाही. घड्याळाचंही तसंच. प्रशिक्षक काठावर उभे राहून अंगठ्याने घड्याळ दाबतात. बंदुकीचा आवाज कानावर पडून अंगठा हलेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो, त्यामुळे हाताने घेतलेली वेळ नेहमी जरा उजवी निघते. भिंतीवर टचपॅड, म्हणजे हात लागताच आपोआप वेळ नोंदवणारी पट्टी, असलेल्या तलावात पहिल्यांदा पोहलेला मुलगा आपली वेळ पाहून हिरमुसतो. आपण मागे गेलो असं त्याला वाटतं. खरं तर तो आधी होता तिथेच असतो.

यातून बाहेर पडायचं तर घर सोडावं लागतं. वीरधवलने बंगळुरू गाठलं आणि निहार अमीन यांच्याकडे सराव सुरू केला. भारतीय जलतरणात त्या काळी बंगळुरूला जे मिळत होतं ते दुसरीकडे क्वचितच मिळत असे : मोठा तलाव, रोज अंगावर येणारे तोडीचे जलतरणपटू आणि जगात काय चाललं आहे याची खबर ठेवणारे प्रशिक्षक. आज आपण 'कोल्हापूरचा वीरधवल' म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण त्याचा वेग घडला तो बंगळुरूच्या पाण्यात.

२००८ हे त्याचं वर्ष. बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला तेव्हा वय होतं सोळा, सतरावा वाढदिवस काही दिवसांवर. त्याच वर्षी पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, तिथे घरच्या प्रेक्षकांपुढे त्याने सुवर्णपदकं जिंकली. मराठी वर्तमानपत्रांत पोहणाऱ्या मुलाचा फोटो पहिल्या पानावर येणं ही तेव्हा अप्रूपाची गोष्ट होती.

तो काळही विलक्षण होता. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीचा एलझेडआर हा पोशाख आला आणि विक्रमांचा पाऊस सुरू झाला. पुढच्या वर्षी पॉलियुरेथेनचे पोशाख आले. ते अंगाला घट्ट आवळत आणि शरीर पाण्यात वर उचलून धरत. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ जागतिक विक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून हे पोशाख बंद झाले. ज्यांची उमेद त्या दोन वर्षांत फुलली होती त्या सगळ्यांना आपला खरा वेग पुन्हा शोधावा लागला. वीरधवलचा २००९ चा राष्ट्रीय विक्रम त्याच काळातला. तो २०१८ मध्ये साध्या कापडी पोशाखात मोडला गेला, ही गोष्ट मला त्या दिवसाच्या चौथ्या क्रमांकाहून मोठी वाटते.

नोव्हेंबर २०१०, ग्वांगझू आशियाई स्पर्धा. ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंद आणि कांस्यपदक. खजान सिंगनंतरचं पहिलं. वय एकोणीस. त्या वेळी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हती. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश झाला आहे. ग्वांगझूनंतरच्या वर्षी, २०११ मध्ये, त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि मग नोकरी. महाराष्ट्र सरकार गुणवान खेळाडूंना थेट नियुक्ती देतं. वीरधवल तहसीलदार झाला. पुढे मालवणला असताना बेकायदा वाळू उपशावरच्या कारवायांमुळे त्याचं नाव बातम्यांत येत राहिलं. या नियुक्तीला नाव ठेवणं सोपं आहे, आणि मला ते करायचं नाही. जलतरणात पैसा नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने विशीत सरकारी अधिकारीपद नाकारावं, असं त्याच्या आईवडिलांना सांगायची हिंमत कोणात आहे? चूक पद देण्यात नव्हती. पदाबरोबर दिवस दिले गेले नाहीत. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास, मध्ये व्यायामशाळा आणि झोप, हे वेळापत्रक आणि तहसील कचेरीतलं वेळापत्रक एका अंगावर बसत नाही. सातबारा, मोर्चे, निवडणुका, पूर, यातलं काहीच पोहण्याच्या हंगामासाठी थांबत नाही. पूर्णवेळ सराव मागे पडला. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तो नव्हता. तिथे ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये संदीप सेजवालने कांस्य मिळवलं. बीजिंगच्या संघात तो वीरधवलबरोबर होता.

ही मधली वर्षं का महत्त्वाची, ते वेगाच्या शर्यतीच्या घडणीत आहे. ५० मीटरच्या ऑलिंपिक शर्यतीचा इतिहासच तसा तरुण आहे. १९०४ साली ५० यार्डांची शर्यत झाली होती, ती सोडली तर ५० मीटर फ्रीस्टाइल ऑलिंपिकमध्ये आली १९८८ ला, सोलमध्ये. अमेरिकेच्या मॅट बियाँडीने ती २२.१४ सेकंदांत जिंकली. तेव्हापासूनच्या विजेत्यांची वयं पाहा. २००४ मध्ये अथेन्सला गॅरी हॉल ज्युनियर २९ वर्षांचा होता. अँथनी अर्विनने २००० मध्ये सिडनीत १९ व्या वर्षी सुवर्ण मिळवलं, हॉलबरोबर विभागून. मग त्याने खेळ सोडला, अनेक वर्षांनी परतला आणि २०१६ मध्ये रिओत ३५ व्या वर्षी पुन्हा सुवर्ण जिंकलं. वेळ २१.४०, दुसऱ्या क्रमांकावरच्या फ्लोराँ मानोदूची २१.४१. तेच एक पेर, पण या वेळी त्याच्या बाजूने. २०२४ मध्ये पॅरिसला ऑस्ट्रेलियाचा कॅमरन मॅकएव्हॉय जिंकला तेव्हा तिशीत होता. त्याने पाण्यातले किलोमीटर भरपूर कमी केले होते आणि ताकदीच्या व्यायामावर जोर दिला होता.

कारण साधं आहे. ५० मीटरमध्ये दमाचा कस कमी लागतो. श्वास एखाददुसरा, कधी शून्य. ठोकळ्यावरून उडी, पाण्याखाली जास्तीत जास्त १५ मीटर, मग अंगातली सगळी ताकद तेवीस सेकंदांच्या आत बाहेर काढायची, आणि शेवटचा हात असा टाकायचा की बोटं भिंतीला पूर्ण ताणात लागतील. उडीची ताकद, खांद्याची ताकद, तो शेवटचा हात मोजून टाकण्याचा सराव, हे सगळं विशीनंतर पिकतं. ठोकळेसुद्धा बदलले. बीजिंगनंतर मागच्या पायाला रेटा देणाऱ्या तिरक्या पट्टीचे ठोकळे आले आणि उडीचं तंत्र सगळ्यांनाच नव्याने बसवावं लागलं. हे बसवायची वर्षं म्हणजे नेमकी २०११ ते २०१६. वीरधवलची कचेरीतली वर्षं.

१०० मीटरमध्ये मात्र मुलं लवकर चमकतात, हेही खरं. रोमानियाच्या डेव्हिड पोपोविचीने ऑगस्ट २०२२ मध्ये रोमला ४६.८६ सेकंदांत जागतिक विक्रम केला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मोडला तो सीझर सिएलोचा २००९ चा, पोशाखांच्या काळातला ४६.९१ चा विक्रम. पॅरिसमध्ये चीनचा पान झानले ४६.४० पोहला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पण पोपोविचीची पुढची पायरी बघा. २०२३ च्या फुकुओका जागतिक स्पर्धेत त्याला एकही पदक मिळालं नाही. तरीही लहानपणापासूनचे प्रशिक्षक आद्रियान रादुलेस्कू यांच्याबरोबर तो तसाच काम करत राहिला, आणि पॅरिसमध्ये २०० मीटरचं सुवर्ण त्याने दोन शतांशांनी जिंकलं. पडत्या वर्षात त्याचं रोजचं पाणी सुटलं नाही.

वीरधवल परत आला तो स्वतःच्या हिमतीवर. वाढलेलं वजन उतरवणं, पुन्हा पहाटेचं उठणं, आपल्याहून दहा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारच्या लेनमध्ये उतरणं. म्हणून जकार्तातला तो २२.४३ चा आकडा मला सगळ्यांत जास्त भावतो. सत्तावीस वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते, आणि तो आयुष्यातला सर्वांत वेगवान होता. हे शरीर संपलेलं नव्हतं, जेमतेम पिकू लागलं होतं.

२०२० मध्ये करोनामुळे तलाव बंद पडले आणि महिनोन् महिने उघडले नाहीत. त्या जूनमध्ये त्याने निवृत्तीचा विचार करत असल्याचं जाहीरपणे लिहिलं. इतर खेळ सुरू होत होते आणि पोहणारे मात्र कोरडे होते. पुढच्या वर्षी साजन प्रकाशने रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिंपिकचा 'ए' निकष, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठला. असं करणारा तो पहिला भारतीय. श्रीहरी नटराजही पाठोपाठ पोहोचला. दोघांच्या शर्यती वेगळ्या, पण ज्या पिढीने त्यांना लहानपणी समोर लेनमध्ये पोहून दाखवलं, तिच्यात वीरधवल होता.

२०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने महाराष्ट्राकडून ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. महिलांची तीच शर्यत त्याची पत्नी ऋजुता खाडेने जिंकली. एकाच अंतराची दोन्ही सुवर्णं एका घरात आली. त्याच तलावाच्या काठावर बत्तिसाव्या वर्षी त्याने स्पर्धेतून निवृत्ती जाहीर केली.