कटर हातात घेण्याआधी

चेपलेल्या गाडीत माणूस अडकलेला दिसला की भोवती जमलेल्यांना एकच सुचतं, पत्रा कापा आणि त्याला बाहेर ओढा. अग्निशमन जवानांच्या वाहन-बचाव प्रशिक्षणात कटरची पाळी मात्र बरीच उशिरा येते. हे प्रशिक्षण जितकं कापायला शिकवतं, तितकंच कुठे, केव्हा आणि कशाला कापायचं नाही हेही शिकवतं. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोलाचा भाग हाच.

सुरुवात होते गाडीभोवतीच्या फेरीने. एक जवान गाडीला लागून फिरतो. आत किती जण आहेत, शुद्धीवर कोण आहे, इंधन गळतंय का, गाडीखाली कुणी सापडलंय का, हे तो बघतो. दुसरा बऱ्याच अंतरावरून मोठी फेरी मारतो, कारण बाहेर फेकला गेलेला माणूस किंवा तुटलेली विजेची तार जवळून दिसत नाही. मग गाडी स्थिर करायची. चाकांवर उभी असलेली गाडीसुद्धा स्प्रिंग आणि टायरच्या हवेवर डोलत असते. दार कापताना बसणारा प्रत्येक हिसका आतल्या जखमी शरीरापर्यंत पोचतो. म्हणून गाडीच्या सांगाड्याखाली पायऱ्यापायऱ्यांचे ठोकळे सरकवून तिचा भार स्प्रिंगवरून काढून घेतात. गाडी उचलावी लागली तर नियम ठरलेला आहे. इंचभर उचलली की इंचभर ठोकळे सरकवायचे, कारण जॅक कधीही निसटू शकतो.

मग येतात हायड्रॉलिक अवजारं : कापणारा कटर, फाकवणारा स्प्रेडर आणि ढकलणारा रॅम. तिघांमागे पास्कलचा नियम आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, त्यामुळे पिस्टनचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं बलही मोठं. यातली बरीच अवजारं सुमारे ७०० बार दाबावर चालतात. समुद्रात सात किलोमीटर खोल गेल्यावर जेवढा दाब असतो, तेवढा हा दाब.

एवढं बल हाताशी असूनही नव्या गाड्यांपुढे जुने कटर थबकतात. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो, म्हणजे धडकेची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. माणसं बसतात तो मधला पिंजरा मात्र अजिबात चेपू नये असा घडवतात. त्यासाठी बोरॉन पोलाद वापरतात. त्यात बोरॉन असतं लाखात दोन ते पाच भाग, पण ते पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यातच झटकन थंड केलं की त्याची स्फटिकरचना बदलते. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते, म्हणजे साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. कमी क्षमतेच्या कटरचं पातं छताला आधार देणाऱ्या अशा पोलादी खांबावर अडतं, प्रसंगी त्याचा तुकडा उडतो. ज्या खांबाने आतल्याचा जीव वाचवला, तोच आता सुटकेच्या आड येतो.

इथे प्रशिक्षणाची एक खरी अडचण आहे. सरावासाठी गाड्या येतात भंगारातून, आणि भंगारातली गाडी बहुधा जुनी, मऊ पत्र्याची असते. तिच्यावर मिनिटभरात दार काढणारा जवान नव्या गाडीपुढे गोंधळू शकतो. हात बसण्यासाठी जुन्या गाड्या ठीक आहेत, पण प्रत्यक्ष रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांची रचना शिकवल्याशिवाय अभ्यासक्रम पुरा झाला असं मी म्हणणार नाही. यासाठी बचाव-पत्रकं उपयोगी पडतात. आयएसओ १७८४० या मानकानुसार त्यांत प्रत्येक मॉडेलचा आराखडा असतो आणि कठीण पोलाद, एअरबॅगचे गॅस सिलिंडर, बॅटरी व जास्त दाबाच्या विजेच्या तारा कुठे आहेत ते ठरावीक खुणांनी दाखवलेलं असतं. बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग उघडलेली नसेल, तर तिचा दाबाखालचा सिलिंडर छताच्या कडेत किंवा खांबात दडलेला असू शकतो आणि त्यावर कटर चालला तर स्फोटासारखा धोका. म्हणून कापण्याआधी आतलं प्लॅस्टिकचं आवरण सोलून बघायचं, हा नियम. इलेक्ट्रिक गाडीच्या ४०० ते ८०० व्होल्टच्या नारिंगी तारांनाही हात लावायचा नाही. तिच्या बॅटरीची आग विझली असं वाटल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा पेट घेऊ शकते.

सगळ्यात मोठा बदल मात्र माणसाच्या शरीराबद्दलच्या समजुतीत होतोय. मणक्याला इजा असू शकते, तेव्हा जखमीला जराही हलू द्यायचं नाही आणि छत काढून सरळ उचलायचं, असं अनेक वर्षं शिकवलं गेलं. त्यात वेळ जातो आणि तोवर पोटातला किंवा छातीतला रक्तस्राव चालूच राहतो. ब्रिटनमध्ये ‘एक्झिट’ नावाच्या संशोधन प्रकल्पाने ही समजूत तपासली. निरोगी स्वयंसेवकांच्या अंगावर संवेदक लावून त्यांना वेगवेगळ्या पद्धतींनी गाडीबाहेर काढलं. मानेची आणि कमरेची हालचाल सर्वांत कमी झाली ती माणूस सूचना ऐकून स्वतःहून बाहेर आला तेव्हा. अपघातांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. अडकलेल्यांपैकी मज्जारज्जूला इजा झालेले एक टक्क्याहूनही कमी होते, पण अडकलेल्यांत मृत्यूचं प्रमाण न अडकलेल्यांपेक्षा जास्त होतं.

यामुळे या निष्कर्षांवर बेतलेल्या सरावात जखमीला आधी विचारलं जातं, ‘तुम्हाला स्वतःहून बाहेर येता येईल का?’ सूचना समजत नसतील, निदान एका पायावर उभं राहता येत नसेल, अंगात काही आरपार घुसलं असेल किंवा कमरेचं हाड मोडल्याची शंका असेल, तर हा मार्ग बाद. मग पुढची पद्धत बचाव पथकाचा प्रमुख आणि वैद्यकीय साहाय्यक मिळून ठरवतात, आणि कटर चालू असताना एक जवान गाडीत जखमीजवळ बसून पुढचा आवाज कशाचा असेल ते त्याला आधीच सांगत राहतो.